नॉर्स मढी, झॉम्बी आणि तुमची हॉरर-कॉमेडी

पटकथा लिहू लागलेल्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो. गोष्टीत ओडिन, थोर, लोकी आहेत, त्यांच्या जगात झॉम्बी सोडायचे आहेत, प्रेक्षक घाबरायलाही हवा आणि हसायलाही हवा. सुरुवात जोरात होते आणि वीस-पंचवीस पानांनंतर सगळं विस्कटतं. मग पुढचे प्रश्न येतात. मार्व्हलकडून नोटीस येईल का? आपली कल्पना कुणी ढापली तर? देव दाखवले तर झॉम्बींना करायला उरतं काय?

झॉम्बी आपल्या प्रेक्षकाला आता परका नाही. 'गो गोवा गॉन'नं (२०१३) तो गोव्यात आणला, 'झोंबिवली'नं (२०२२) डोंबिवलीत. नॉर्स देवही सिनेमा आणि व्हिडिओ गेममधून घरोघरी पोचलेत. अडचण अशी की या दोन्ही ओळखी उसन्या आहेत. लिहिणारा मार्व्हलचं आस्गार्ड उचलतो, त्यात अमेरिकन सिनेमातला झॉम्बी घालतो आणि त्याला नॉर्स म्हणतो. खरं तर आइसलँडच्या जुन्या सागांमध्ये कबरीतून उठून आलेली मढी आधीपासून आहेत. ती भयंकर आहेत, आणि त्यांच्याभोवती जिवंत माणसांचा जो गोंधळ उडतो तो अस्सल विनोदी आहे. म्हणून माझा पहिला आग्रह हाच, की झॉम्बी बाहेरून आणू नका, तिथलंच मढं घ्या. भीती आणि हसू दोन्ही त्याच्यापाशीच सापडतील.

आधी मढं ठरवा, देव नंतर

नॉर्स परंपरेत मेलेला माणूस एकाच पद्धतीनं परत येत नाही. तुमच्या उपयोगाचे प्रकार साधारण चार.

- ड्राउगर. थडग्यातून शरीरासकट उठणारं मढं. फुगलेलं, काळंनिळं, जिवंतपणी होतं त्याहून ताकदवान. ते बोलतं, माणसं ओळखतं, राग धरतं. घरात येतं, गुरं मारतं, छपरावर बसून टाचा हाणतं.
- टेकडीतला राखणदार. दफनाच्या टेकडीत आपल्या सोन्यानाण्यासह बसलेला. तो बाहेर हिंडत नाही, चोर आत शिरला की उठतो. 'ग्रेटिरची सागा'मधला म्हातारा कार असाच. ग्रेटिर त्याच्या टेकडीत उतरतो, झुंजतो आणि शस्त्र घेऊन बाहेर येतो.
- आइनहेर्यार. रणात पडलेले, ओडिनच्या वल्हल्ला या महालात राहणारे योद्धे. रोज लढतात, मरतात, संध्याकाळी उठून जेवायला बसतात. जेवणात रोज तोच साह्रीम्निर नावाचा रानडुक्कर, जो शिजवून खाल्ला तरी पुन्हा सगळा जिवंत होतो. वल्हल्लाला ५४० दारं आणि शेवटच्या युद्धाच्या दिवशी प्रत्येक दारातून एका वेळी ८०० योद्धे बाहेर पडणार, असा हिशोबही दिलेला आहे.
- हेलची प्रजा. आजारानं किंवा म्हातारपणानं मेलेले. त्यांची राणी हेल अर्धी काळीनिळी, अर्धी माणसाच्या रंगाची. तिच्या ताटाचं नाव भूक, सुरीचं नाव उपासमार. तिचे नोकर-मोलकरीण गांगलाती आणि गांगलोत नावानंच पाय ओढत चालणारे.

चारही एका पटकथेत कोंबू नका. पहिल्याच पटकथेला ड्राउगर घ्या, असं मी सांगेन. आइनहेर्यार मोहात पाडतात, पण ते आपल्या मरणावर खूश आहेत, आणि खूश असलेल्या मढ्याची भीती वाटत नाही. त्यांना एखाद-दुसऱ्या प्रसंगापुरतं वापरा. राखणदार एकाच जागी बसलेला असल्यामुळे कमी खर्चाच्या सिनेमाला सोयीचा आहे. मात्र 'डेड स्नो' (२००९) या नॉर्वेच्या सिनेमात टॉमी विर्कोलानं नाझी सैनिकांची मढी सोन्याच्या पेटीसाठी उठवली आहेत, त्यामुळे सोनं चोरणारे सुट्टीवरचे तरुण ही वाट आता मळलेली आहे.

नियमांचं एक पान

पहिला सीन लिहिण्याआधी एका कागदावर पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. एका प्रश्नाला दोन ओळी पुरेत.

1. मेलेला का उठतो? राग, हाव, मोडलेला शब्द, की चुकलेले अंत्यविधी?
2. त्याला काय हवं असतं?
3. लागण होते का, आणि कशानं?
4. तो कुठे जाऊ शकत नाही?
5. तो कायमचा कसा जातो?

तिसऱ्या प्रश्नावर सगळे अडखळतात. झॉम्बी म्हटलं की चावा आलाच, हे रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'नंतर (१९६८) पक्कं झालं. मेंदू खाण्याची आवड त्यांना त्याहून उशिरा, 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये (१९८५) लागली. म्हणजे हे नियम माणसांनीच, आपापल्या गोष्टीच्या गरजेनं केलेले आहेत. तुम्हीही करू शकता. सागांमध्ये चावा नाही, पण लागण आहे. ड्राउगरनं ज्याला मारलं तो पुढे त्याच्याच टोळीत दिसू लागतो. चाव्याऐवजी हीच लागण वापरलीत तर झॉम्बीपटाची वाढती गर्दीही मिळते आणि गोष्ट नॉर्सही राहते.

पाचव्या प्रश्नाला तर सागांनी भरभरून उत्तरं दिली आहेत. डोकं उडवून ते मढ्याच्याच मांडीपाशी ठेवायचं. जाळून राख समुद्रात टाकायची. दूर नेऊन पुरायचं. आणि सगळ्यांत विलक्षण म्हणजे, त्याच्यावर खटला भरायचा. त्याविषयी पुढे येतंच आहे.

जाळण्यातही फट आहे. 'एरबिग्या सागा'त थोरॉल्फ नावाचा खाष्ट म्हातारा उच्चासनावर बसल्या बसल्याच मरतो. त्याच्या नजरेसमोर कुणी येऊ नये म्हणून मुलगा मागून जातो आणि मागची भिंत फोडून मढं बाहेर काढतो. तरी तो परत येतोच. पुढे त्याला जाळतात, तर ती राख एक गाय चाटते आणि तिच्या पोटी जे वासरू जन्मतं ते मोठं होऊन माणूस मारतं. सुटका झाली असं प्रेक्षकाला वाटलं की लगेच त्याला धक्का देणारी ही चाल आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटाला अशीच काहीतरी फट ठेवा.

देव किती घ्यायचे

शक्यतो एक. अजिबात नसला तरी चालेल.

थोर आला की हातोड्याच्या एका फटक्यात मढी संपतात आणि गोष्टही संपते. ओडिन सर्वज्ञ, म्हणून कोडं उरत नाही. लोकी कामाचा आहे, पण तो सगळ्यांनाच आठवतो, त्यामुळे शंभरातल्या नव्वद पटकथांत दंगा त्यानंच माजवलेला असतो. मला हेल अधिक जवळची वाटते. ती दुष्ट नाही. तिच्याकडे एक खातं आहे आणि ती ते नेमानं सांभाळते. देवांचा लाडका बाल्डर मेल्यावर त्यांच्या वतीनं हेर्मोड नऊ रात्री घोडा दौडवत तिच्याकडे जातो, तेव्हा ती हाकलत नाही, अट घालते. जगातली प्रत्येक वस्तू बाल्डरसाठी रडली तर त्याला सोडीन, म्हणते. सगळे रडतात, एक राक्षसीण रडत नाही, आणि बाल्डर तिथेच राहतो. नियमाला इतकी चिकटून राहणारी राणी आणि तिच्याकडून पळालेली मढी एवढ्यावर एक आख्खा सिनेमा उभा राहतो.

देव पडद्यावर न आणता त्यांच्या जगाचं एखादं चिन्ह आणणं हा दुसरा मार्ग. नागल्फार हे जहाज मेलेल्यांच्या नखांचं बनतं आणि ते पुरं झालं की जगबुडीच्या लढाईला निघतं, म्हणून न कापलेल्या नखांनिशी माणसाला मरू देऊ नये, असं एड्डा या जुन्या नॉर्स ग्रंथात सांगितलं आहे. एक नेलकटर हातात आला की गोष्टीला घड्याळ लागलं.

विनोद कुठून आणायचा: फ्रोडाचं घर

सगळी पटकथा बाजूला ठेवून आधी 'एरबिग्या सागा'तला फ्रोडाचा भाग वाचा. काळ साधारण इसवी सन १०००, आइसलँडमध्ये ख्रिस्ती धर्म नुकताच आलेला. स्नायफेल्सनेस द्वीपकल्पावरच्या फ्रोडा या शेतघरी थोरगुन्ना नावाची परदेशी बाई राहायला येते. तिच्याकडे उंची चादरी, रेशमी रजई, पलंगाचे पडदे. घरच्या मालकिणीची, थुरिदची, नजर त्यांच्यावर. थोरगुन्ना आजारी पडते आणि मरताना बजावते, की माझं अंथरूण-पांघरूण जाळून टाका. थुरिदचा नवरा थोरॉड जाळायला निघतो, ती त्याची मनधरणी करते, शेवटी गादी-उशा जळतात आणि रजई, चादरी, पडदे घरात राहतात.

तिचं मढं दफनासाठी दूर नेताना वाटेत एका घरी लोक मुक्काम देतात, पण जेवायला देत नाहीत. रात्री कोठीघरातून आवाज येतो. जाऊन बघतात तर थोरगुन्ना, अंगावर एक धागा नसताना, स्वयंपाक करते आहे. घरमालक घाबरून लगेच पाहुणचार करतो आणि मढं वाहणारे लोक पोटभर जेवतात.

इकडे फ्रोडात माणसं एकामागून एक मरू लागतात. एका संध्याकाळी चुलीच्या जागेतून सीलचं डोकं वर येतं आणि पलंगाच्या पडद्यांकडे टक लावून बघतं. मोलकरीण सोट्यानं हाणते तर ते आणखी वर येतं. शेवटी क्यार्टन नावाचा पोरगा घण घेऊन ते खिळ्यासारखं ठोकून ठोकून जमिनीत घालवतो. थोरॉड समुद्रात पाच साथीदारांसह बुडतो. त्याच्या मयताच्या जेवणाला तो आणि त्याची माणसं ओलीचिंब येऊन शेकोटीपाशी बसतात. घरच्यांना आधी बरंच वाटतं, कारण बुडालेले स्वतःच्या मयताच्या जेवणाला आले तर समुद्रात त्यांचा नीट पाहुणचार झाला असा समज. पण जेवण संपलं तरी ते रोज येत राहतात. मग जमिनीत पुरलेले दुसरे येतात, अंगावरची माती झाडतात आणि ओल्यांच्या अंगावर फेकतात. जिवंत माणसं मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत लहान शेकोटी पेटवून बसतात. तीस माणसांच्या घरात अठरा मरतात, पाच पळून जातात, सात उरतात.

शेवटी क्यार्टन मामाचा सल्ला घेतो. पडदे जाळतात आणि घराच्या दारातच न्यायसभा भरवतात. बिनपरवाना घरात हिंडणं आणि माणसांच्या जिवाला अपाय करणं हे आरोप. साक्षीपुरावे होतात, निकाल लागतो, एकेक मढं नाव पुकारल्यावर उठतं, कुरकुरतं आणि निघून जातं.

या भागातून मला जे शिकायला मिळालं ते सरळ सांगतो. इथे एकही मढं विनोद करत नाही. मढी शेकोटीपाशी नुसती बसतात. हसू येतं ते जिवंतांमुळे. त्यांची हाव, त्यांचे रीतिरिवाज, पाहुणा कितीही भयंकर असला तरी त्याला ऊठ न म्हणण्याचं त्यांचं अवघडलेपण, आणि अखेरीस कायद्यावरचा त्यांचा विश्वास. 'शॉन ऑफ द डेड'मध्येही (२००४) झॉम्बी गंभीर आहेत, शॉनचं रोजचं आयुष्य विनोदी आहे. मढ्याच्या तोंडी चुटके घातलेत की त्याची भीती जाते, आणि भीती गेल्यावर विनोदालाही आधार राहत नाही.

हीच गोष्ट आजच्या काळात

नमुन्यादाखल एक वनलाइन बघा. स्नायफेल्सनेसवरच्या कर्जबाजारी गेस्टहाउसची मालकीण मेलेल्या पाहुणीच्या रेशमी चादरी जाळण्याऐवजी हनिमून सूटमध्ये अंथरते, आणि त्या रात्रीपासून मेलेले एकेक करून मुक्कामाला येतात.

नियमांचं पान इथे लगेच भरतं. उठण्याचं कारण मोडलेला शब्द. लागण चादरीच्या स्पर्शातून. जाण्याचा मार्ग कायद्याचा: मालकिणीला मढ्यांवर खोली रिकामी करण्याची रीतसर नोटीस बजावावी लागते, आणि त्यासाठी आधी स्वतःचा अपराध कबूल करावा लागतो. ही शेवटची अट महत्त्वाची. मढं घालवायची किंमत मुख्य पात्राला मोजावी लागली तरच तिसरा अंक उभा राहतो.

मराठी पात्र घालायचं असेल तर त्याला पर्यटक करू नका, काम द्या. समजा गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात नाशिकचा एक मुलगा आहे आणि त्याची आई हिवाळ्यात भेटायला आली आहे. रात्री नखं कापायची नाहीत, हा तिचा नेम. डिसेंबरच्या उत्तरार्धात आइसलँडमध्ये दिवस जेमतेम चार तासांचा. नागल्फार थांबवायला सगळ्यांची नखं कापायची आहेत आणि आई म्हणते, "उजाडल्याशिवाय नेलकटरला हात लावायचा नाही." इथे आईही बरोबर आहे आणि एड्डाही. दोन श्रद्धा समोरासमोर उभ्या राहतात, कुणाचीही टिंगल होत नाही, आणि वेळ सरत असते. असे प्रसंग शोधा.

भीती राखायची कशी

हॉरर-कॉमेडीत भीतीचा भाग आपोआप जमतो असं लिहिणाऱ्याला वाटतं, आणि बहुतेक पटकथा तिथेच पडतात. 'ग्रेटिरची सागा'मधला ग्लामचा प्रसंग अभ्यासा. ग्लाम हा उर्मट मेंढपाळ नाताळच्या उपासाच्या दिवशी हट्टानं जेवतो, बाहेर पडतो आणि मरतो. मग त्याचं मढं दरीतली वस्ती उजाड करतं. ग्रेटिर तिथे राहायला जातो. पहिली रात्र शांत जाते. दुसरीही, पण सकाळी त्याच्या घोड्याची सगळी हाडं मोडलेली सापडतात. तिसऱ्या रात्री छपरावर आवाज येतो, मग दारात. झुंजत झुंजत दोघे बाहेर पडतात, ढगाआडून चंद्र निघतो आणि ग्लामचे डोळे दिसतात. ग्रेटिर जिंकतो. पण ग्लाम मरण्याआधी शाप देतो, की हे डोळे तुला कायम दिसतील. तेवढा धिप्पाड वीर पुढे जन्मभर अंधाराला घाबरतो.

यातून घेण्यासारखं:

- मढं उशिरा दाखवा. आधी त्यानं केलेलं नुकसान दिसू द्या.
- दोन मोकळ्या रात्री ठेवा. तुमच्या विनोदाला जागा तिथेच आहे.
- मढं समोर आल्यापासून प्रसंग संपेपर्यंत एकही विनोदी संवाद नको. हसू त्यानंतरच्या सीनमध्ये येऊ द्या.
- जिंकलेल्या माणसाच्याही मागे काहीतरी लागू द्या. निदान एका आवडत्या पात्राला खरोखर मरू द्या, आणि ते मरण विनोदासाठी वापरू नका.

इथे पाय घसरतो

- शिंगांची शिरस्त्राणं. वायकिंग ती घालत नसत. १८७६ साली बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरासाठी डोप्लरनं जे पोशाख काढले त्यातून ती जगभर पसरली. दाखवायचीच असतील तर पर्यटकांच्या डोक्यावर दाखवा.
- राग्नारोक. जगबुडी हा सोपा शेवट वाटतो, पण कमी खर्चात ती उभी राहत नाही, आणि मोठी संकटं विनोदी नसतात. एका घरापुरतं संकट ठेवा.
- नावांची रास. तिसऱ्या पानापर्यंत सहा परकी नावं आली की निर्माता वाचणं थांबवतो. दोन ठेवा. बाकी पात्रं नात्यानं किंवा कामानं ओळखू येऊ द्या.
- भारदस्त भाषा. नॉर्स मढ्यानं पौराणिक नाटकातलं मराठी बोलायची गरज नाही. सागांची स्वतःची भाषा तुटक आणि कोरडी आहे.
- रून लिपी. नाझींनी काही रून चिन्हं वापरली होती. सजावट म्हणून कुठलंही चिन्ह उचलण्याआधी त्याचा इतिहास तपासा.
- श्रद्धा. जुन्या देवांना मानणाऱ्यांची आसात्रू ही संस्था आइसलँडमध्ये १९७३ पासून मान्यताप्राप्त धर्मसंघ आहे. हे देव काहींसाठी आजही देव आहेत. त्यांच्याशी आपल्या देवांइतक्याच आदरानं वागा.

काय मोकळं आहे, काय नाही

एड्डा आणि सागा तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत लिहिल्या गेल्या. गद्य एड्डा रचणारा स्नोरी स्टुर्लुसन १२४१ साली मेला. त्यांतले देव, मढी, प्रसंग, वस्तू कुणाच्याही मालकीच्या नाहीत. थोर, लोकी, थोरचा हातोडा म्योल्निर ही नावं तुम्ही वापरू शकता.

पण मार्व्हलनं १९६२ पासून त्यावर जे रचलं ते मार्व्हलचं आहे. गोंधळ होतो तो इथे, म्हणून काही फरक:

- लायक असेल त्यालाच हातोडा उचलता येतो, ही मार्व्हलची कल्पना. एड्डातला हातोडा आखूड दांड्याचा आहे आणि थोरला त्यासाठी लोखंडी हातमोजे लागतात.
- सोनेरी केसांचा, गुळगुळीत चेहऱ्याचा थोर मार्व्हलचा. सागांमधला थोर तांबड्या दाढीचा.
- लोकी हा थोरचा मानलेला भाऊ, हे मार्व्हलचं. मुळात त्याचं रक्ताच्या शपथेचं नातं ओडिनशी आहे.
- हेला ही ओडिनची मुलगी, हे २०१७ च्या सिनेमातलं. एड्डातली हेल लोकीची मुलगी.

मूळ ग्रंथाकडे गेलात की नोटिशीची धास्ती बरीच कमी होते, हा माझ्या आग्रहामागचा व्यवहारी भाग. गेममधल्या ड्राउगरचा चेहरा, चिलखत, चाल हेही त्या त्या कंपनीचं आहे, त्याची नक्कल करू नका.

भाषांतरांचं वेगळं. मूळ सागा मोकळी असली तरी तिच्या भाषांतरावर भाषांतरकाराचा हक्क असतो. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं तो टिकतो. विल्यम मॉरिस (मृत्यू १८९६) आणि एरिकुर मॅग्नुसन (मृत्यू १९१३) यांनी मिळून केलेली ग्रेटिर आणि एरबिग्या सागांची इंग्रजी भाषांतरं, तसंच हेन्री बेलोज (मृत्यू १९३९) यांचं काव्य एड्डाचं भाषांतर आता मोकळं आहे. नील गेमनचं २०१७ चं पुनर्कथन मात्र त्याचं स्वतःचं आहे. ते वाचा, पण त्याचे संवाद आणि त्यानं भरलेले तपशील उचलू नका.

तुमचे स्वतःचे हक्क

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा सिनेमा यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली हे स्पष्ट केलं, की संरक्षण मिळतं ते कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला. म्हणून "वायकिंग झॉम्बी" हे दोन शब्द कुणाला सांगितलेत तर ते तुमचे राहत नाहीत. प्रसंगवार लिहिलेली गोष्ट तुमची राहते. नुसत्या शीर्षकावरही कॉपीराइट मिळत नाही.

नॅरेशनला जाण्याआधी हे करा:

- निदान आठ-दहा पानांची सविस्तर गोष्ट लिहून काढा.
- मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिची तिथे ऑनलाइन नोंदणी करा. कॉपीराइट कार्यालयातही नोंदणी करता येते. ती सक्तीची नाही, पण वाद झाला तर तारखेचा पुरावा हाती असतो.
- गोष्ट ईमेलनं पाठवा, आणि भेट झाल्यावर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी ईमेलनं कळवा.

करारावर सही करताना हे मुद्दे नीट वाचा:

- मुदत आणि प्रदेश. करारात लिहिलेले नसतील तर कॉपीराइट कायद्यानं मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश भारतापुरता धरला जातो. निर्मात्याचे करार सहसा "कायमस्वरूपी, जगभर" असं म्हणतात. तिथे बोला.
- न वापरलेला हक्क. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. वर्षाऐवजी दोन-तीन वर्षं ठरली तरी चालेल, परत येण्याची तरतूद मात्र खोडू देऊ नका.
- रॉयल्टी. २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला सोडून देता येत नाही. तो सोडल्याचं कलम दिसलं तर वकिलाला दाखवा.
- श्रेय. तुमचं नाव पडद्यावर कुठे, कोणत्या शब्दांत येणार, हे लिहून घ्या. दुसरा लेखक नंतर आणला तर काय, तेही.
- हप्ते. पैसे ड्राफ्टनुसार बांधा. गोष्ट दिल्यावर, पहिल्या ड्राफ्टवर, दुसऱ्यावर. "सिनेमा फ्लोअरवर गेल्यावर" असा एकच मोठा हप्ता घेऊ नका.

सेन्सॉरचा विचारही आत्ताच करा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आले आहेत. रक्त आणि फुटलेल्या कवट्या जास्त दाखवल्यात तर सिनेमा 'ए'कडे झुकतो आणि कुटुंबासह येणारा प्रेक्षक जातो. फ्रोडाच्या ओल्या मढ्यांना रक्ताचा एक थेंब लागत नाही. कोणता टप्पा गाठायचा ते निर्मात्याला पहिल्याच भेटीत सांगा, कारण खर्चाचा त्याचा अंदाज त्यावर ठरतो. नियमांचं ते एक पानही सोबत न्या. निर्माता हमखास विचारतो, "हे मरतात कसे?" त्याचं उत्तर तुम्हाला एका वाक्यात देता आलं पाहिजे.